फुगडीत सुटलेला हात

माझा उजवा हात कोपरात पुरता सरळ होत नाही. बघणाऱ्याला ते कळत नाही. मला कळतं, वरच्या फळीवरचा डबा काढताना आणि शिंप्याकडे बाहीचं माप देताना. "मॅडम, हात सरळ सोडा," शिंपी म्हणतो. "हा सरळच आहे," मी म्हणते, आणि तो टेप घेऊन थोडा वेळ माझ्याकडे बघत राहतो.

हा हात मोडला तेव्हा मी आठ वर्षांची होते. तो माझ्या ताईने मुद्दाम मोडला, असा माझा संशय होता. हे मी कधी कुणाला बोलले नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, ताईला तर नाहीच. तिच्या लग्नात मी करवली होते, तिच्या बाळंतपणात रजा काढून राहिले, दर भाऊबिजेला आम्ही दोघी मिळून भावाला ओवाळतो. पण जिना उतरताना ती मागे असली, तर मी कठडा धरून उतरते.

मी तशीही संशयी आहे. अंधेरीच्या एका कंपनीत मी प्रशासन सांभाळते. चाव्या, लिफ्टवाले, पाण्याचे फिल्टर, कोणत्या खुर्चीचं चाक निघालंय, हे सगळं माझ्याकडे. कुलूप लावलं की मी ते ओढून बघते. दुसऱ्याने लावलं असेल तर दोनदा. घरातही कामांची यादी फ्रिजवर असते आणि झालेल्या कामावर रेघ मारण्यात मला जो आनंद होतो, त्यावरून लेक माझी चेष्टा करते.

तर आषाढ संपता संपता ताईचा बोरिवलीहून फोन आला. तिच्या मुलीचं लग्न हिवाळ्यात झालं होतं.

"श्रावणात लेकीची मंगळागौर करतेय. हॉल घेतलाय."

"छान. खेळ करणारा ग्रुप हवा का? मुलुंडला आहेत चांगल्या बायका. नऊवारी, गाणी, सगळं त्यांचंच असतं."

"ग्रुप कशाला गं? आपल्यातल्याच खेळणार. शिकवायला एक बाई लावलीय. आणि पहिली फुगडी तुझी न् माझी."

आमच्याकडे मंगळागौरीची पहिली फुगडी नवरीची आई आणि नवरीची मावशी खेळतात. मावशी मी एकटीच. तरी मी म्हटलं, "माझा हात..."

"हाताचं मला नको सांगूस. त्याच हाताने सगळं ऑफिस चालवतेस."

"विचार करून सांगते."

"फुगडीत कसला विचार? पोरीला वाईट वाटेल हां. तिने सगळ्यांना सांगून ठेवलंय, मावशी खेळणार म्हणून."

फोन ठेवल्यावर मी यादीत 'मंगळागौर' लिहिलं आणि पुढे काहीच लिहिता येईना. हिला आत्ताच हे का सुचलं? हात मोडला त्या दिवसानंतर आमच्या घरात फुगडी कुणी खेळलं नव्हतं. भावजयीच्या मंगळागौरीलाही आम्ही दोघी पत्री निवडत आत बसून होतो. आणि आता पहिली फुगडी, तीही सगळ्यांसमोर.

त्या दिवसाचं सांगते. आम्ही घाटकोपरला चाळीत राहायचो. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. माझा जन्म झाला तेव्हा मी अशक्त होते, सारखी आजारी. आईला दोघी झेपेनात, म्हणून ताईला कोकणात आजोळी ठेवली. ती तिथेच वाढली, तिथल्याच शाळेत गेली. अकराव्या वर्षी तिला मुंबईला आणलं. भाऊ तर अजून जन्मायचाच होता. म्हणजे मी आठ वर्षं एकुलती एक असल्यासारखी राहिले आणि एका मे महिन्यात घरात एक उंच, काळीसावळी, गावाकडच्या हेलाने बोलणारी मुलगी आली. ती माझ्या अंथरुणात झोपायला लागली. आई म्हणाली, ही तुझी ताई.

मी तेव्हा भरतनाट्यम शिकत होते. वार्षिक कार्यक्रमात मला पुढच्या रांगेत उभं केलं होतं. ताईलाही शिकायचं होतं. आई तिला घेऊन क्लासला आली, तर बाई म्हणाल्या, "हिचं आता वय झालं. नव्याने कसं वळण लागणार?" ताई दाराबाहेर चपला सांभाळत बसली. मी आत पाय आपटत होते आणि आरशात तिला बघत होते. ती माझ्याकडेच बघत होती. ती नजर मी विसरले नाही.

मग श्रावण आला. समोरच्या खोलीतल्या नव्या सुनेची मंगळागौर होती. खेळ गच्चीवर. फुगडीला ताईने मला ओढली. फुगडीत हात फुलीसारखे धरतात, उजव्यात उजवा, डाव्यात डावा. पाय पायांना टेकवायचे, अंग मागे सोडायचं आणि गरगर फिरायचं. तुमचं सगळं वजन समोरच्या बाईच्या हातात असतं आणि तिचं तुमच्या. आम्ही चांगल्या फिरत होतो. गाणं म्हणणाऱ्या काकूंनी जोरात टाळी दिली, आणि ताईने हात सोडला.

मी पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर उजव्या कोपरावर पडले. प्लास्टर निघालं तोवर कार्यक्रम होऊन गेला होता. हात सरळ होईना. बाई म्हणाल्या, बघायला येत जा. बघायला कोण जातं?

"हाताला घाम होता गं, सटकला," आई सगळ्यांना सांगायची. ताई काहीच बोलायची नाही. मला घाम आठवत नाही. मला आठवतात ती उघडलेली बोटं. घामाने हात सटकतो तेव्हा बोटं मिटलेली असतात.

लेकीला मी यातलं निम्मंच सांगितलं होतं, पडल्याचं. ती मेंदूवर संशोधन करते. माणूस हालचाली कशा शिकतो आणि कशा लक्षात ठेवतो, हा तिचा विषय. माझ्यात तिला विशेष रस, कारण माझे पाय अजून नाचतात. कुकरच्या शिट्टीची वाट बघताना, लिफ्टसमोर उभी असताना माझ्या टाचा आपोआप पडायला लागतात. डावी, उजवी, डावी, मग दुहेरी.

"आई, थांब. आता पाय न हलवता सांग, पुढचं काय?"

"पुढचं... थांब हां."

सांगता येईना. पाय हलवले की येत होतं.

"बघ! सांगता येते ती आठवण वेगळी आणि करता येते ती वेगळी. दोन्ही मेंदूच सांभाळतो, पण वेगवेगळ्या जागी. तू विसरलीस, पाय विसरले नाहीत."

"माझ्यावर प्रयोग करतेस का गं? सही न घेता?"

"फुकटात मिळतेयस म्हणून."

मग ती असंही म्हणाली, की सांगता येणारी आठवण आपण जितक्या वेळा बाहेर काढतो, तितक्या वेळा ती थोडी बदलून परत ठेवली जाते. मला ते आवडलं नाही. मी ती उघडलेली बोटं किती वेळा बाहेर काढली असतील! आणि मला हेही वाटलं की असं मेंदूचं नाव घेतलं की कुणालाही निर्दोष सोडता येईल. माझ्या ऑफिसात उद्या कुणी चावी हरवली, तर म्हणेल, मॅडम, मेंदू.

पहिल्या तालमीला मी गेले, पण खेळायला नाही. पूजेच्या सामानाची यादी करायची आहे, असं कारण काढलं. लेक सोबत आली, तिला पायांचे व्हिडिओ हवे होते. मुलुंडहून बोरिवलीला जायचं म्हणजे अख्ख्या डोंगराला वळसा. डोंगराखालून बोगदे काढताहेत, पण तोवर ताईकडे जाणं म्हणजे अर्धा दिवस. इतकी वर्षं मला ते सोयीचंच होतं.

सोसायटीच्या हॉलमध्ये बायका पदर खोचून उभ्या होत्या. शिकवणारी बाई ठणठणीत होती. "एक टाळी म्हणजे वेग वाढवायचा. कळलं? टाळी पडली की दम लावायचा."

ताईने मला बोलावलं. मी वही उंच करून दाखवली. मग तिने शेजारणीला घेतलं. दोघी फिरायला लागल्या. ताई पन्नाशी ओलांडलेली, पण फिरत होती मस्त. बाईने टाळी दिली. ताईचा उजवा हात उघडला.

शेजारीण किंचाळली, एका हातावर लोंबकळत अर्धा फेरा गेली आणि भिंतीला टेकली. मी कधी उठून उभी राहिले मला कळलं नाही. माझं उजवं कोपर मी डाव्या हाताने घट्ट धरलं होतं.

"अगं, मारतेस काय मला!" शेजारीण हसत म्हणाली. "वाट लागली असती ना!"

"घाम गं," ताई म्हणाली आणि पदराला हात पुसले.

घाम. तोच शब्द. पुन्हा फिरल्या, पुन्हा टाळी, पुन्हा तोच हात. बायका हसून लोटपोट. मी हसले नाही. मला वाटलं, हिला सवयच आहे. ऐन वेळी सोडायची.

परतीच्या टॅक्सीत लेकीने व्हिडिओ लावला, अगदी हळू करून.

"आई, हे बघ. टाळी झाली, मग हात उघडला. दोन्ही वेळा. आणि आता हात कुठे जातोय बघ."

उघडलेला उजवा हात मागे वळून कमरेवर गेला. क्षणभर तिथे टेकला आणि मग दचकल्यासारखा परत पुढे आला.

"घाम असता तर हात कमरेवर कशाला जाईल?" लेक म्हणाली. "हे शिकलेलं आहे. कुठेतरी टाळीला हात सोडून कमरेवर ठेवायचा, असं मावशी शिकलीय आणि तिला ते माहीतच नाही. लहानपणानंतर कधी फुगडी खेळली ती?"

"नाही."

"म्हणजे ती सवय कधी बदललीच नाही. मावशीला विचार ना, गावाला कशी खेळायचे."

मी विचारलं नाही. प्रश्न विचारला की समोरच्याला उत्तर तयार करता येतं, हे मी ऑफिसात शिकलेय. शिवाय व्हिडिओत मला आणखी एक गोष्ट दिसली होती आणि तिने माझी झोप उडवली. ताईचा डावा हात. तो सुटला नव्हता. उजवा उघडला तरी डाव्याने तिने शेजारणीला घट्ट धरून ठेवलं होतं, म्हणून ती बाई भिंतीला नुसती टेकली. मग माझ्या वेळी काय झालं होतं? उजवा सवयीने सुटला, मान्य. डावा कुणी सोडला? डाव्याला तर कुणी काही शिकवलेलं नव्हतं. आधी माझा संशय नुसता संशय होता. आता त्याला पुरावा होता.

पुढच्या रविवारी आम्ही ताईच्या घरी गेलो. लेकीला म्हटलं, "मावशीला काही सांगायचं नाही. मी खूण केली की टाळी वाजव."

"आता प्रयोग कोण करतंय?"

ताई दोरीवरच्या चादरी काढत होती. मी एका चादरीची दोन टोकं धरली, तिने दोन. चादर ताणली, घडीसाठी जवळ आलो. मी खूण केली. लेकीने सोफ्यावरून फाडकन टाळी दिली. ताईने चादर घट्ट धरून मान वळवली.

"काय गं?"

"डास," लेक म्हणाली.

"मेला का?"

"नाही, सुटला."

स्वयंपाकघरात मी हळूच लेकीला विचारलं, "हात का नाही उघडला?"

"कारण ती चादर आहे, आई! शरीराला तीच स्थिती लागते. तोच वेग, तेच वजन, तसंच मागे झुकलेलं अंग. तू तरी लिफ्टजवळ नाचतेस, मीटिंगमध्ये बसून नाचतेस का? तुला कळायचंय ना, मग फिर तिच्याबरोबर."

म्हणजे जे तपासायचं, ते हात दिल्याशिवाय तपासता येणार नव्हतं. कुलूप असतं तर ओढून बघितलं असतं. इथे ओढणारी मी आणि तुटणारीही मीच. नाही म्हणायची सोय होती. भाचीला सांगायचं, हात दुखतो. तिने ऐकलं असतं. आणि मग मी पुढची सगळी वर्षं कठडा धरून जिने उतरत राहिले असते.

मी बाहेर आले. "ताई, चल. करून बघू फुगडी."

तिने हातातली घडी सोफ्यावर ठेवली. "आत्ता? इथे?"

"टीपॉय सरकवू. गादी टाकू भिंतीला."

"गादी कशाला?"

"असू दे."

सोफा, टीपॉय, कुंडी, पंख्याची वायर, सगळं मी बाजूला केलं. जमीन कोरडी आहे का, ते पुसून बघितलं. ताई कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती. "लग्न लावायचंय का इथे?" ती म्हणाली. पण आवाज हसण्याचा नव्हता.

आम्ही हात धरले. तिच्या उजव्यात माझा उजवा, डाव्यात डावा. तिचे हात कोरडे होते. माझेही. ते मी आधी बघून घेतलं होतं.

"अंग सोड ना," ती म्हणाली. "काठीसारखी काय उभी आहेस?"

मला मागे झुकताच येईना. मनाने ठरवलं होतं, पण पाठ ऐकेना. खांदे कानांपर्यंत चढले होते. आठ वर्षांच्या मुलीला टाकीचा कठडा मागे कुठे आहे ते माहीत होतं आणि ती पन्नाशीच्या बाईला त्या बाजूला जाऊ देत नव्हती. ताई हळूहळू फिरवत राहिली, जसं लहान पोराला फिरवतात. एका क्षणी पाय सापडले. पाय तर माझे कधीच विसरले नव्हते. मग पाठ सुटली, भिंती फिरायला लागल्या, ताईचा चेहरा तेवढा स्थिर राहिला.

टाळी पडली.

उजवा हात गेला. मला तो जाताना दिसला, उघडलेली बोटं, अगदी तशीच, आणि मग तिच्या कमरेवर. लगेच मी डाव्या हातांकडे बघितलं. मी ठरवलंच होतं, ताईचा डावा हात बघायचा. तिचा हात घट्ट होता. नखं पांढरी पडली होती. तिच्या मुठीत माझी बोटं सताड उघडी होती.

मी उघडली नव्हती. मी तर धरून ठेवायचं असं घोकून आले होते. एक हात सुटला तशी ती आपोआप उघडली, दचकलेल्या तान्ह्या बाळाची उघडतात तशी. फक्त ताईच मला धरून होती. अर्धा फेरा फिरून मी गादीवर बसले आणि ती माझ्यासमोर वाकून उभी राहिली, माझा हात अजून न सोडता.

"लागलं का? लागलं का गं?"

"तुझा हात का सुटतो?"

"माहीत नाही." मग तिने स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. तो अजून कमरेवर होता. "अगं... गावाला असंच होतं. गौरीच्या फुगड्यांना. टाळी पडली की दार उघडायचं."

"कसलं दार?"

"उजवा हात सोडून कमरेवर ठेवायचा आणि डाव्यावर फिरायचं. दार उघडल्यासारखं दिसतं म्हणून दार. मामी सांगायची, डावा सोडायचा नाही, जीव गेला तरी. अंगणाला लागून विहीर होती ना." ती गादीवर माझ्या शेजारी बसली. "मला वाटलं, सगळीकडे तसंच खेळतात. तुला माहीत असेल असं वाटलं. तू नाचणारी."

"मग आईला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? घरी येऊन तीन महिने झाले होते. तू पडलीस, सगळे तुझ्याभोवती धावले. कुणीतरी म्हणालं घाम होता, मी म्हटलं असेल. मग मलाही तेच आठवायला लागलं." मग ती म्हणाली, "डावा मी सोडला नव्हता पण."

ती हे सहज म्हणाली. मला कळेना, तिला माझा संशय ठाऊक होता की काय. की तीही इतकी वर्षं माझ्या डाव्या हाताबद्दल काही धरून होती? मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे काही सापडलं नाही. लेक मोबाईल हातात घेऊन उभी होती. तिने व्हिडिओ काढला होता की नाही, हे मी विचारलं नाही आणि तिनेही दाखवला नाही.

माझ्या डाव्या हातावर ताईच्या बोटांचे वळ उठले होते. चहा होईपर्यंत ते विरत गेले.

त्या गच्चीवर माझी बोटं उघडली होती का, ते मला आजही सांगता येत नाही. आज उघडली म्हणून तेव्हाही उघडली, असं नसतं. कदाचित तेव्हा पडले म्हणूनच ती आता उघडत असतील. लेक म्हणते, दोन्ही शक्य आहे. शास्त्राचं हे मला फारसं पटत नाही, पण निदान ते खोटं तरी बोलत नाही.

श्रावणात मंगळागौर झाली. शिकवणाऱ्या बाईने आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या फुगडीला टाळी नको ना?"

"असू दे," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

भाची समोर पाटावर बसली होती. मी पदर खोचला आणि हात पुढे केले. ताईने उजव्यात उजवा घेतला. डाव्याला मात्र तिने माझी बोटं धरली नाहीत. ती सरळ मनगटापर्यंत गेली आणि बांगड्या वर सारून तिथे पकड घेतली.

म्हणजे तिचाही माझ्यावर भरवसा नव्हता. मग मीही तिचं मनगट धरलं, आणि अंग मागे सोडलं.